मधल्या खुर्चीचा प्रश्न

“मधल्या खुर्चीत बसू नका,” उमाळे सर म्हणाले. “तिथं मॅडम आहेत.”

मी अर्धी वाकलेली, तशीच थांबले. खोलीत तीनच खुर्च्या होत्या, एका लांब टेबलामागे ओळीनं मांडलेल्या, आणि तिन्ही रिकाम्या होत्या. मधल्या खुर्चीच्या पाठीवर धुतलेला पांढरा टॉवेल होता. तिच्यासमोर काळ्या काडीचा चष्मा, कोरा कागद आणि त्यावर नुकतीच टोक केलेली पेन्सिल. टोक करताना निघालेला भुगासुद्धा शेजारीच होता.

मला वाटलं, मॅडम आत गेल्या असतील, येतील. बसमध्येही रुमाल टाकून “इथं माणूस आहे” असं म्हणतातच की. मी “सॉरी सर” म्हणून उजवीकडच्या खुर्चीकडे सरकले.

“तिथं डॉक्टर,” ते म्हणाले. आणि कोपऱ्यातलं एक लोखंडी स्टूल उचलून त्यांनी टेबलाच्या अलीकडे, माझ्यासाठी ठेवलं. स्टूल तापलेलं होतं. मी बसले आणि उडाले.

ही दोन वर्षांपूर्वीची, अकरा जूनची दुपार. मी पंधरा वर्षांची होते. दहावीला ब्याण्णव पॉइंट ऐंशी टक्के, शाळेत पहिली, गावात बॅनर लागलेला, आणि पुढे शिकायची सोय शून्य. बाबांचा टेम्पो. दादाच्या नागपूरच्या डिप्लोमात घरात होतं नव्हतं ते गेलं होतं. बाबा वाईट नाहीत. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “मी नाही म्हणत नाही, प्रांजू. पण देणार काही नाही. तुला जमत असेल तर जा.” आणि जमणार नाही हे गृहीत धरून टेम्पो घेऊन निघून गेले.

मला जमवायचं होतं. सुट्टीभर मी सतरा कॉलेजांचं कोष्टक केलं. त्यात मला एक गंमत कळली, जी गावात कोणालाच माहीत नव्हती. अनुदानित कॉलेजात मुलींना अकरावीची फी जवळजवळ नसतेच. महाग असतं ते राहणं आणि जेवणं. अमरावतीला चांगलं कॉलेज होतं, शास्त्र शाखेत माझा नंबर लागणार होता. फक्त अमरावतीत मी झोपणार कुठे आणि खाणार काय, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या फाइलमधून पत्ते काढून मी बावीस ठिकाणी अर्ज पाठवले. काही परत आले, काहींनी योजना बंद झाल्याचं कळवलं, बाकीच्यांनी काहीच नाही. बोलावणं आलं ते एकाच ठिकाणाहून. पोस्टकार्ड, निळ्या शाईत:

‘कन्या शिक्षण निधी, सूतगिरणी वसाहत. निवड समितीची बैठक दि. ११ जून, दुपारी ठीक बारा. उमेदवाराने समितीस तिष्ठत ठेवू नये.’

कॉलेजात नाव नोंदवायची शेवटची तारीख होती पंधरा.

घरी मी सांगितलं की रंजूमावशीबरोबर कॉलेज बघायला जाते. रंजूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, तालुक्याला पार्लर चालवते आणि भीत कोणालाच नाही. पण वसाहतीच्या फाटकातून आत शिरल्यावर तीसुद्धा गप्प झाली. सूतगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. दोन्ही बाजूंना एकसारखी बैठी क्वार्टर्स, दारांवर नंबर, आणि एकाही दाराला कुलूप नाही. सगळी नुसती लोटलेली. भर दुपार, पायात सावली गोळा झालेली, आणि पाखराचा आवाज नाही. एका अंगणात दोरीवर चिमटे होते, पंधरा-वीस, रांगेनं. कपडे नव्हते.

“अवं प्रांजू,” मावशी कुजबुजली, “हे शिष्यवृत्ती देणारे हायेत का घेणारे?”

“मावशी, गप ना.”

“बारा वाजता बोलावलं काहून पन? या टायमाले आमच्या गावात कोणी विहिरीवर पन जात नव्हतं.”

एकावन्न नंबरच्या क्वार्टरसमोर मात्र सडा टाकलेला होता. दारात सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले उमाळे सर घड्याळाकडे बघत उभे होते. गिरणी चालू होती तेव्हा ते तिथं हेडक्लार्क होते आणि निधीचे सचिव पहिल्यापासून तेच. त्यांनी मावशीला नमस्कार केला आणि ओसरीवरचा बाक दाखवला.

“आपण इथं बसावं. समितीसमोर फक्त उमेदवार.”

“समिती आली का पन?” मावशीनं विचारलं.

“समिती वेळेच्या आधी येते,” ते म्हणाले.

तर अशी मी त्या स्टुलावर.

ते डावीकडच्या खुर्चीत बसले, माझा अर्ज उघडला, खाकरले. मग खुर्ची जराशी मागे घेतली. का, ते मला नंतर कळलं. मधल्या खुर्चीतून मी नीट दिसावी म्हणून.

“उमेदवार कुमारी प्रांजली महादेव भटकर. बैठक सुरू करू या?” हे त्यांनी मला नव्हतं विचारलं. ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि थोडं थांबून त्यांनी मान हलवली. “मॅडमचा पहिला प्रश्न. सतरा कॉलेजांतून हेच कॉलेज का?”

मी हसले. मोठ्यानं. मला वाटलं ही परीक्षा आहे, मुलगी गोंधळते का ते बघण्याची. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याचं काहीच नव्हतं. ते पेन उघडून वाट बघत होते.

बोलायला लागले की मला भीती वाटत नाही, असा माझा स्वभाव आहे. मी पोपटासारखी सुरू झाले. खाजगी कॉलेजात वातानुकूलित वर्ग आणि बससुद्धा आहे पण तिथं दोन वर्षांत जेवढं जातं तेवढ्यात आमचा टेम्पो येईल. अनुदानित कॉलेजची प्रयोगशाळा जुनी आहे पण शिक्षक कायमचे आहेत. मी तिथल्या तीन मुलींशी फोनवर बोलले. मेसचा डबा दोघींत एक पुरतो असं त्या म्हणाल्या. सगळं सांगितलं. उमाळे सर लिहीत होते. अधूनमधून ते लिहायचं थांबवून मधल्या खुर्चीकडे कान देत आणि मग मला सांगत, “मॅडम म्हणतात, सावकाश बोला,” किंवा, “मॅडम म्हणतात, तीन मुलींना फोन केलात हे चांगलं केलंत.”

एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. ते थांबत ना, ते प्रत्येक वेळी वेगळं थांबत. मॅडमकडे वळले की बराच वेळ, मधेच मान डोलावत, एकदा तर काही तरी दुरुस्त केल्यासारखं “हो, हो, बरोबर” म्हणत. डॉक्टरांकडे वळले की अगदी थोडा वेळ. एखाद्याचं बोलणं संपेपर्यंत आपण जितकं थांबतो, तितकंच. नाटक करणारा माणूस असं मोजून थांबू शकत नाही. मी शाळेत तीनदा नाटकात होते, मला माहीत आहे.

“डॉक्टर विचारतात,” ते म्हणाले, “सकाळी काही खाल्लंय का?”

“पोहे,” मी म्हटलं. मी उजवीकडच्या खुर्चीकडे बघून म्हटलं. का कुणास ठाऊक.

त्यांनी स्टोव्हवर चहा केला. चार कप. एक माझ्यासमोर, एक त्यांच्या, एकेक त्या दोन खुर्च्यांसमोर. वीज गेलेली होती, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. मी चहा पीत बघत राहिले. त्या दोन कपांवर साय धरली, घट्ट झाली, आणि मग मॅडमच्या कपावरच्या सायीला कडेला एक सुरकुती पडली. कोणी फुंकर मारल्यावर पडते तशी.

खोलीत वारा नव्हता. हे मी मुद्दाम बघितलं.

“मॅडमचा एक प्रश्न आहे,” उमाळे सर म्हणाले. या वेळी ते फार वेळ थांबले होते. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि मला जाणवलं की हा प्रश्न त्यांनाही नवा आहे. “अर्जावर पालक म्हणून वडिलांची सही आहे. मॅडम विचारतात, ती सही कोणी केली?”

माझ्या कानात गरम वाफ गेली.

ती मी केली होती. बाबांनी अर्ज बघायलाच नकार दिला होता. ‘सही केली म्हणजे हमी दिली,’ असं म्हणाले होते. मग वहीच्या मागच्या पानावर चाळीस वेळा ‘म. भटकर’ गिरवून, खाली त्यांच्यासारखी दोन टिंबं देऊन, मी सही ठोकली. हे मावशीला माहीत नव्हतं. आईला नव्हतं. वहीचं ते पान मी चुलीत घातलं होतं.

“बाबांनी,” मी म्हटलं.

उमाळे सर वळले. थांबले. परत माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज बदलला नाही.

“मॅडम म्हणतात, पुन्हा विचारा.”

मी रडणारी मुलगी नाही. पण तिथं, त्या तापलेल्या खोलीत, रिकाम्या खुर्चीसमोर मला खोटं बोलता येईना. “मी केली,” मी म्हटलं. “बाबा करत नव्हते. पंधरा तारखेला मुदत संपते. दुसरीकडे कुठंच सोय नव्हती. मी काय करायला पाहिजे होतं?”

उमाळे सर मान खाली घालून ऐकत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

“मॅडम विचारतात,” ते अखेर म्हणाले, “आईची सही का नाही घेतली?”

अर्जावर ‘पालकाची सही’ एवढंच छापलं होतं. पहिलीपासून दहावीपर्यंत, प्रगतिपुस्तकापासून सहलीच्या परवानगीपर्यंत, त्या जागी बाबांची सही. बाबा बाहेरगावी असले की आम्ही थांबायचो. मी बापाची खोटी सही गिरवायला चार दिवस घालवले, पण स्वयंपाकघरात बसलेल्या, सातवी-आठवीचा माझा सगळा अभ्यास घेतलेल्या आईकडे पेन नेण्याचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

“सुचलं नाही,” मी म्हटलं.

“सुचत नाही कोणाला,” उमाळे सर म्हणाले. हे बहुतेक त्यांचं स्वतःचं होतं. ते उठले आणि मागचं लोखंडी कपाट उघडलं, वडिलांची सही केलेला माझा अर्ज आत ठेवायला. मी बसल्या जागेवरून आत पाहिलं. मधल्या कप्प्यात लांबट लिफाफे उभे लावले होते, दोऱ्यानं बांधून, प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष. सहा गठ्ठे. पुढच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या लिफाफ्यावर मोत्यासारख्या अक्षरात नाव होतं: कु. कल्याणी ठोंबरे.

कल्याणीताई आमच्याच शाळेची. माझ्यापुढे चार वर्षं. तिचाही बॅनर लागला होता. ती दोन वर्षं शिवण शिकली आणि अठरा पूर्ण झाल्या झाल्या तिचं लग्न झालं.

“सर, हे काय आहे?”

“मंजुरीपत्रं.”

“कल्याणीताईला मंजूर झाली होती?”

“एकमतानं.”

“मग पाठवली का नाही?”

ते कपाटाच्या दाराला धरून उभे राहिले. “धनादेशाशिवाय पत्र पाठवायचं नाही, मॅडमचा नियम आहे. मुलीला आशेवर ठेवू नये. आणि धनादेशावर तीन सह्या लागतात.” त्यांनी बोटं दाखवली. “मंदाकिनी देवपुजारी, वसाहतीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. डॉक्टर खोडके, दवाखान्याचे. आणि मी. पैसे बँकेत आहेत, सुरक्षित. एक पै हलली नाही.”

“आणि मॅडम?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. ते त्यांच्या तोंडून यावं असं वाटत होतं.

“सहा वर्षांपूर्वीचा उन्हाळा,” ते म्हणाले. “आधी डॉक्टर. तीन आठवड्यांनी मॅडम. त्या वर्षीची बैठक ठरलेली होती. अकरा जून. मुलींना पत्रं गेली होती. मी तिन्ही खुर्च्या मांडून बसलो. म्हटलं, एक वर्ष निभवू. आणि मुलगी समोर येऊन बसली तेव्हा,” ते थांबले, “मॅडमनी प्रश्न विचारला.”

बाहेर मावशी खोकली. मला तिला हाक मारावीशी वाटली.

“सह्या मी करू शकलो असतो,” ते म्हणाले. “तीस वर्षं बघितल्यात. डोळे मिटून करेन. केल्या नाहीत. आणि नवे विश्वस्त घ्यायचे तर धर्मादाय कार्यालयाचा बदल अर्ज असतो. त्यात जुन्यांच्या नावापुढे कारण लिहायचं असतं. सहा वेळा तो अर्ज आणला. भरायला बसलो की दोघंही इथंच बसलेली. त्यांच्यासमोर मी ते कसं लिहू?”

आता सांगते ते ऐकून माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू आगाऊच. असेन. पण मला तेव्हा भीतीपेक्षा राग जास्त आला होता. लिफाफ्यावर कल्याणीताईचं नाव होतं. मी उठले. उमाळे सरांकडे पाठ केली आणि सरळ मधल्या खुर्चीसमोर उभी राहिले, फळ्यापाशी उभी राहते तशी.

“मॅडम,” मी म्हटलं, “मी खोटी सही केली. चूक झाली. माझा अर्ज नामंजूर करा. पण या कपाटात सहा वर्षांच्या मुली आहेत. तुम्ही निवडल्यात, आणि त्यांना माहीतच नाही. त्यांना वाटतं त्या कमी पडल्या. तुम्ही आणि डॉक्टर निवृत्त का होत नाही? आमच्या शाळेत सगळे होतात. नारळ देतात, शाल देतात. तुम्ही निवृत्त झालात तर सर तो अर्ज भरतील. नाही तर ते असेच दर वर्षी चहा करत बसतील. आणि ते पण म्हातारे झालेत हो.”

काहीच झालं नाही. दार आपटलं नाही, पेन्सिल हलली नाही. नुसती गरम, बंद शांतता, आणि ती शांतता माझ्याकडे बघत होती. मी शपथेवर सांगते, मला कोणीतरी बघत होतं. रागानं नाही. एखादी कडक बाई वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीकडे बघते ना, हात वर केलेल्या, तसं.

मागून उमाळे सरांचा आवाज आला.

“डॉक्टर हो म्हणतात.”

“आणि मॅडम?”

खूप वेळ. इतका की मला घड्याळ ऐकू यायला लागलं.

“मॅडम म्हणतात, अर्ज अपूर्ण आहे. उमेदवाराने उद्या आईला घेऊन यावं. बाकीचं नंतर.”

ओसरीवर येताच मी मावशीचा हात धरला आणि फाटकापर्यंत सोडला नाही. ती म्हणाली, “आत किती जण होते वं?” मी म्हटलं, “एक.” ती चालता चालता थांबली, माझ्याकडे बघितलं, मागे एकावन्न नंबरकडे बघितलं, आणि म्हणाली, “चाल. पटपट चाल. अन् मले काही सांगू नको.”

पैशांचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. उमाळे सरांनी तो अर्ज भरला. सरकारी कागदावर लिहायचं ते लिहिलं, दाखले जोडले. पण बैठकीच्या वहीत त्यांनी ‘निवृत्ती एकमताने मंजूर’ असंच लिहिलं, शाल-श्रीफळ धरून. सगळं मार्गी लागायला दहा महिने गेले. तेवढे दहा महिने मी अमरावतीला मावशीच्या नणंदेकडे राहिले, तिच्या जुळ्या पोरांचा अभ्यास घेण्याच्या बदल्यात, आणि ती जुळी पोरं हा एक वेगळाच विषय आहे. सहा वर्षांची पत्रं, आणि माझंही, एका दिवशी पोस्टात पडली. कल्याणीताईनं आता बाहेरून बारावीचा अर्ज भरलाय. ती नव्या समितीवरही आहे. तिची सही चालते.

अवघड आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. सहीसकट. ती भाकरी थापत होती. रागवेल असं वाटलं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात तसाच पिठाचा ठेवून विचारलं, “मधल्या खुर्चीत कोण होतं?”

“कोणीच नाही. सांगितलं ना.”

“बरं,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “चष्मा नव्हता ठेवलेला? काळ्या काडीचा?”

“तुला काय माहीत?”

ती भाकरी उलटत होती. “उद्या सकाळी लवकर उठजो,” एवढंच म्हणाली.

तिनं बाबांना विचारलं नाही. सांगितलं. “मी प्रांजूसोबत चालली,” म्हणाली, चपला घालताना. बाबा टेम्पोची काच पुसत होते, ते पुसतच राहिले. तिनं लग्नातली नाही, पण ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. वसाहतीच्या फाटकातून शिरल्यावर मी तिला रस्ता दाखवायला पुढे झाले, पण ती वळणं आपणच घेत होती. दुसऱ्या ओळीनंतर डावीकडे. पाण्याच्या टाकीवरून उजवीकडे. लोटलेल्या दारांकडे तिनं बघितलं नाही. मी मागून तिच्या टाचा बघत चालले होते.

उमाळे सरांनी तिला नमस्कार केला, आत बसवलं, कोरा अर्ज पुढे ठेवला. “पालकांचं पूर्ण नाव सांगा. वहीत घ्यायचंय.”

“वनमाला महादेव भटकर,” आई म्हणाली. मग म्हणाली, “पण तुमच्याकडं माझं नाव आहे. वनमाला किसन दाभाडे. सत्त्याण्णव साल.”

पेन थांबलं.

“दहावीला मी केंद्रात पहिली होते. इथंच आले होते, एकटी, पायी. मुलाखत चांगली झाली. पण माझ्या वडिलांनी सही नव्हती दिली.”

उमाळे सर उठले. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून त्यांनी एक जाड, कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर ओढून काढलं आणि टेबलावर ठेवून पानं उलटली. “मला माहीत नव्हतं हो,” ते मधेच म्हणाले, माझ्याकडे बघून, जणू मी त्यांच्यावर आरोप केला होता. “अर्जावर आईच्या नावापुढे नुसतं वनमाला. मला कसं कळणार? मी फक्त त्यांनी विचारलं ते तुला विचारलं.”

पान सापडलं. त्यांनी रजिस्टर आईकडे फिरवलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

‘१४. कु. वनमाला किसन दाभाडे. नामंजूर. पालकाची सही नाही.’

आणि समासात, वेगळ्या हातानं, टोकदार पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ. सत्तावीस वर्षांत पेन्सिल फिकी पडायला हवी होती. ती सकाळी लिहिल्यासारखी काळीभोर होती.

‘मुलगी हुशार. पुन्हा बोलवावी.’

आई ती ओळ खूप वेळ बघत होती. मग तिनं पदराला हात पुसले, पुसण्यासारखं काही नसताना, अर्ज जवळ ओढला आणि उमाळे सरांच्या हातातलं पेन मागून घेतलं.

“आले मॅडम,” ती म्हणाली, आणि सही केली.